माशांच्या चार फुटी टाकीला संप (टाकीखाली ठेवायची फिल्टरची दुसरी टाकी) लावताना घरात पाणी होऊ नये म्हणून काय करावं?

पंप कोणता घ्यायचा हे तुम्ही आधी विचारलंय आणि वीज गेली तर काय होईल हे शेवटी. मी उलट्या क्रमाने सांगतो, कारण माझ्याकडे घरात पाणी झालं ते वीज गेल्यामुळेच.

तुमची टाकी १२० × ४५ सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली आलं. पंप बंद पडला की संपातून वर पाणी चढवणारा पाइपच सायफन होऊन, म्हणजे पाणी उलटं खाली खेचून, टाकी उपसायला लागतो. त्याचं तोंड पाण्यात ५ सेंटिमीटर खोल असेल तर २७ लिटर खाली येणार, वर पाइपांतलं आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं (टाकीतलं जास्तीचं पाणी जिथून खाली संपात उतरतं) वेगळं. संप ७५ × ३५ × ४० चा करून चालू असताना निम्माच भरलात, तर साधारण ५० लिटरची जागा शिल्लक राहते. पुरते.

सायफन तोडायला पाइपला पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडतात. मीही पाडलं होतं. त्यात एक गोगलगाय जाऊन बसली आणि रात्री वीज गेली. पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला तो थेट पाण्यात! तेव्हापासून भोकावर भरवसा नाही, पाइपचं तोंडच पातळीच्या दोन बोटं खाली ठेवतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) तसाच, कचरा अडकला की गळतो.

आता उलटा धोका, जो फार कोणी सांगत नाही. खाली येणारा पाइप तुंबला तर पंप वर ओततच राहतो. म्हणून संपातला पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवा. २० × ३५ चा कप्पा, त्यात २० सेंटिमीटर पाणी, म्हणजे १४ लिटर. वरच्या टाकीत काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळे असतील तर १६ लिटर मावतात. कप्पा रिकामा झाला की पंप कोरडा घरघरेल, पण फरशी कोरडी राहील. शिवाय खाली येणारे पाइप दोन ठेवाच, दुसरा फक्त अडीअडचणीला.

या पाइपांसाठी टाकीला भोक पाडण्याआधी काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) नाही ना ते पाहा. टफन्ड असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होतो.

पंपाचं थोडक्यात: तासाला टाकीच्या पाचपट, म्हणजे सुमारे १२०० लिटर, वर पोचले पाहिजेत. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्या उंचीला किती पडतं ते पंपाच्या तक्त्यात बघून घ्या. संपात आधी फिल्टर सॉक (कचरा गाळणारी कापडी पिशवी), मग स्पंज, मग सिरॅमिक रिंग (पाणी शुद्ध करणारे जिवाणू वाढायला सच्छिद्र कड्या), आणि पंपाआधी बुडबुडे अडवायला काचेच्या आडव्या पट्ट्या. सॉक चार-पाच दिवसांनी धुवायचा. रिंगा मात्र नळाखाली धरू नका, क्लोरीनने ते जिवाणू मरतात. टाकी नवी असेल तर माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर मासे नकोत.

बाष्पीभवनाने पातळी वर नाही, पंपाच्या कप्प्यात उतरते. भर तिथेच घालायची.

मासे सोडण्याआधी सगळं चालू करून प्लग काढा. पाणी यायचं थांबेपर्यंत संपाशी बसून राहा. काठाखाली चार बोटं जागा उरली, तर पुन्हा चालू करून पंपाच्या कप्प्यातली पातळी मार्करने काचेवर आखा. त्या रेषेच्या वर कधीही भरू नका, घरात दुसरं कोणी पाणी घालत असेल तर त्यालाही ती दाखवून ठेवा.