पाचारण (देवाचं बोलावणं) नसेल तर ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकू नये का?

खुशाल शिका. उत्सुकता पुरते.

खरं तर एवढंच लिहून थांबणार होते. पण ‘घरचे म्हणतात, पाचारण नसताना सेमिनरीत (धर्मशास्त्राच्या कॉलेजात) जाणं म्हणजे देवाची थट्टा’ असं तुम्ही लिहिलंय, आणि हे मी कसबा बावड्यात आमच्या मामांच्या तोंडून ऐकलंय. मामा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (कारभार बघणारे ज्येष्ठ सभासद) होते. मंडळी कुठली ते विचारू नका, कोल्हापूर लहान आहे.

बी.ए. झाल्यावर मला पुण्याला बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करायचं होतं. त्याला मंडळीचं शिफारसपत्र लागतं, म्हणून कमिटीपुढे बसले. माझ्या आधीच्या मुलानं कन्व्हेन्शनमध्ये (प्रार्थनेच्या मेळाव्यात) रडू कसं कोसळलं ते सांगितलं आणि चहा यायच्या आत पत्र घेऊन गेला. मला विचारलं, ‘‘पाचारण कधी झालं?’’ मी म्हटलं, ‘‘ग्रीक शिकायचंय. बायबलातली शुभवर्तमानं मुळातून वाचायचीत.’’ एकजण हसले. दुसऱ्यांनी लग्नाचं विचारलं. मामा माझ्याकडे न बघता टेबलावरच्या रजिस्टरची पानं सारखी करत बसले. पत्र मिळालं, पण खाली एक ओळ होती: उमेदवाराचे पाचारण स्पष्ट नाही. (तो मुलगा सेमिनरी अर्धवट सोडून आला. आता प्लॉटची दलाली करतो, सुखात आहे.)

माझं मत स्पष्ट आहे. पाचारण कुणीही सांगू शकतं, ते तपासायचं कसं? ऑगस्टीन या मोठ्या धर्मपंडिताला 391 साली उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरातल्या लोकांनी धरून पाळक (धर्मगुरू) केलं. तो रडत होता, तर जमलेल्यांना वाटलं याला बिशपच व्हायचं होतं, म्हणून रडतोय. हेतू ओळखण्यात मंडळी तेव्हापासून अशीच आहे. पंडिता रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीकशी झटापट केली, 1922 साली मरेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. आमच्या कमिटीनं त्यांनाही आधी लग्नाचंच विचारलं असतं.

पुढे पुण्याहून सुट्टीत घरी आले तेव्हाची गोष्ट. रविवार, उपासना आटोपलेली, मामांकडे मटण. आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातलं वचन मामांचं लाडकं. मी बोलून गेले की चौथ्या शतकातल्या ज्या दोन मोठ्या ग्रीक प्रती आहेत, सिनाई आणि व्हॅटिकनच्या, त्यांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीलाच संपतो. पुढचा भाग नाहीच. मामांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवली. ‘‘म्हणजे मी आजाऱ्यांवर हात ठेवू नको?’’ मी म्हटलं, तसं कुठं म्हणतेय. ‘‘जेव आता,’’ म्हणाले.

संध्याकाळी स्वतःचं बायबल घेऊन आले. ‘‘दाखव कुठं संपतंय.’’ दाखवलं. थडग्यापासून बायका घाबरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, बास. मामा बराच वेळ त्या ओवीवर बोट ठेवून बसले. ‘‘असं कसं कोण संपवेल? मग आपल्याला कळलं कुणाकडनं?’’ मग रात्री उशिरापर्यंत आमचं तेच चाललं होतं. मामी दोनदा झोपायला जा म्हणून ओरडली. जाताना मामा म्हणाले, ‘‘तरी तुला पाचारण नव्हतंच.’’ अजून म्हणतात. मला विचाराल तर त्या रात्री त्यांना जे झालं होतं, तेवढ्यावर बी.डी.ला बसता येतं.

आता तुमचं. तुम्हाला पाळक व्हायचंय की नुसतं शिकायचंय, हे प्रश्नात कुठंच नाही. पाळक व्हायचं असेल तर माझं वरचं अर्धं सोडून द्या. मयतीला रात्री दोन वाजता जायला ग्रीक कामाला येत नाही, आणि तिथं घरच्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. नुसती पदवी घेऊन परदेशी जायचं असलं तरी माझी हरकत नाही, फक्त फी मंडळीच्या पैशातून भरू नका. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, बी.डी. सेरामपूर विद्यापीठाची मिळते. कॅथलिक असाल तर पुण्यातलंच ज्ञानदीप (पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ) बघा. शिफारसपत्राचं मात्र आधी बोलून ठेवा, आणि कमिटीत नातेवाईक असेल तर त्या दिवशी त्याला गावाला पाठवा.