डोक्यावर पान, झाडाला दोर

प्रश्न : मुलांबरोबर ‘स्पिरिटेड अवे’ आणि ‘माय नेबर टोटोरो’ हे जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहिले. गोष्ट कळते, पण मधूनमधून काहीतरी निसटतं. आई-बाप डुकरं का होतात? मुलगी विरत का जाते? यात जुनं किती आणि दिग्दर्शकाच्या मनचं किती?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : पिंपळ दाखवला की आपल्याला मुंजा वेगळा सांगावा लागत नाही. जपानी प्रेक्षकाचंही तसंच, म्हणून हे सिनेमे काही समजावत बसत नाहीत.

‘स्पिरिटेड अवे’च्या (२००१) जपानी नावात ‘कामिकाकुशी’ हा शब्द आहे. माणूस अचानक नाहीसा झाला की देवांनी लपवला, असं म्हणत. आपला चकवा याच्या जवळचा. आता खाणं. ‘कोजिकी’ या ७१२ सालच्या ग्रंथात इझानामी ही देवी मरून योमी या मृतांच्या लोकात जाते. नवरा न्यायला येतो, तोवर तिनं तिथलं अन्न खाल्लेलं असतं, आणि परतीची वाट अडते. तिथलं अन्न पोटात गेलं की माणूस तिथला. सिनेमातली मुलगी चिहिरो देवांच्या जगात विरू लागते तेव्हा तिथला मुलगा हाकू तिला त्याच जगातला एक दाणा खायला लावतो, तो यासाठीच. आई-बाप मात्र देवांसाठी मांडलेल्या पदार्थांवर न विचारता ताव मारतात. नैवेद्याआधी ताटात हात घालणाऱ्याला आजी काय म्हणते, ते आठवा!

बॉयलरच्या खोलीतला प्रसंग पुन्हा लावून पाहा. चिहिरो काळी अळी चिरडते आणि बॉयलर सांभाळणारा कामाजी ‘एन्गाचो’ म्हणून ओरडतो. ती दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या टोकाला टोक जुळवते, तो ती जोड हातानं तोडतो. विटाळ तोडायची ही जपानी पोरांची रीत. डबमध्ये हा शब्द हरवतो, म्हणून आवाज जपानी ठेवा आणि खाली सबटायटल लावा.

टोटोरो (सिनेमा १९८८चा) हा रानातला प्राणी मात्र दिग्दर्शक मियाझाकींच्या डोक्यातला, जुन्या कथांत तो नाही. त्याच्या कापराच्या झाडाला बांधलेला जाड दोर, शिमेनावा, तेवढा खरा. वटपौर्णिमेच्या सुताशी त्याची गल्लत करू नका : ते व्रताचं, हा ‘इथून पुढे देवाची जागा’ सांगणारा. पावसात सिनेमातल्या दोघी बहिणी ज्या छोट्या देवळाच्या आडोशाला थांबतात, तिथला देव जिझो, म्हणजे आपल्याकडून गेलेला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. मुलांचा आणि वाटसरूंचा राखणदार. हरवलेली धाकटी बहीण मेई शेवटी जिझोच्याच मूर्तींच्या रांगेपाशी बसलेली असते. म्हणजे ती सुखरूप आहे, हे जाणकाराला आधीच कळतं. जिझो मेलेल्या मुलांनाही सांभाळतो, त्यावरून ‘दोघी बहिणी मेलेल्याच आहेत’ अशी वदंता पसरली. सिनेमा बनवणाऱ्या स्टुडिओनंच ती खोडून काढली आहे.

पुढे त्याच स्टुडिओचा ‘पोम पोको’ (१९९४) लावलात, तर एक सांभाळा. इंग्रजी डबमध्ये त्यातल्या प्राण्यांना रॅकून म्हटलंय. रॅकून अमेरिकेतला; हे तानुकी, कुत्र्या-कोल्ह्यांच्या कुळातले. डोक्यावर पान ठेवून रूप पालटायची आणि पोटाचा ढोल बडवायची ख्याती तानुकीची आहे. रॅकून म्हणून पाहिलंत, तर ते पान नुसतं पानच राहील.