विचारा की! बसचा विषय निघतो आणि मीटिंग पार्किंगवर संपते

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की आपल्या सोलापुरात एरियाच्या मीटिंगला जे येतात ते बसनं जात नाहीत आणि जे बसनं जातात ते मीटिंगला येत नाहीत. त्यावर एवढी पत्रं आली की ह्या वेळेस गुडघेदुखी आणि कर्जाचे हप्ते बाजूला ठेवलेत, अख्खं सदर बसलाच दिलंय. निम्म्या पत्रांत मला शिव्या आहेत, त्या छापत नाही.

प्रश्न : काका नमस्कार, जुळे सोलापुरात आमच्या तीन-चार सोसायट्या मिळून महिन्याला एक मीटिंग होते, मी त्यातल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. दर वेळेला कुणीतरी म्हणतं सिटी बसचं काय, स्टेशनला जायला रिक्षाला किती पैसे जातात, मग दहा मिनिटं सगळे बोलतात, मग कुणीतरी पार्किंग काढतं, मग मोकाट कुत्री, मग पाणी, शेवटी चहा. मागच्या महिन्यात मी ठराव लिहिला, 'बससेवा सुधारावी', अर्ज नेऊन दिला, पोच पण आणली, पुढं काहीच नाही. चुकतंय कुठं?

अहो सेक्रेटरीसाहेब, 'बससेवा सुधारावी' वाचून समोरचा पण म्हणणार, हाव की, सुधारावी, आणि कागद फाइलला लावणार. त्याला करायला तुम्ही काही दिलंच नाही ना. बसचं वेळापत्रक करणाऱ्या माणसाची भाषा वेगळी असते, तो फेरी म्हणतो, शेड्यूल म्हणतो, भारमान म्हणतो. भारमान म्हणजे बसमध्ये जेवढ्या सीट आहेत त्यातल्या किती भरल्या ते, आणि किलोमीटरमागं उत्पन्न किती आलं हा दुसरा आकडा. कुठलीही फेरी बंद होते ती ह्या दोन आकड्यांवर, आणि चालू करायची म्हटलं तरी त्याच दोन आकड्यांवर. तुम्ही लिहिता 'नागरिकांची गैरसोय', तो शोधतो भारमान, तुमच्या कागदात ते नसतंय.

मग भारमान आणायचं कुठनं, तर मोजायचं. आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या दोन पोरींनी एक आठवडा सकाळी आठ ते दहा चहाच्या टपरीवर बसून वहीत लिहिलं, किती सीटरिक्षा (सीटमागं पैसे घेणाऱ्या शेअर रिक्षा) गेल्या, प्रत्येकीत किती माणसं होती, किती जण नुसतेच उभे राहून कंटाळून चालत गेले, आणि जमेल त्यांना विचारलं की कुठं जायचंय. वहीची चार-पाच पानं भरली. टपरीवाला आधी म्हणाला काय करलालाव बे तुम्ही, मग तिसऱ्या दिवशी तोच सांगायला लागला की ताई ती मगाची रिक्षा राहिली लिहायची. ही वही म्हणजे तुमचं भारमान. रिक्षात दाटीवाटीनं बसून जाणारी माणसं उद्या वेळेवर आली तर बसमध्ये बसणारी माणसं आहेत, आणि हे आकड्यात दाखवलं की समोरच्याला नाही म्हणायला पण आकडाच काढावा लागतो.

ठराव असा लिहा, सोमवार ते शनिवार सकाळी 8 ते 10 मध्ये आसरा, सात रस्ता, स्टेशन अशा दोन फेऱ्या पाहिजेत, एक साधारण सव्वाआठला आणि एक सव्वानऊला, सोबत आठवड्याची मोजणी जोडली आहे. बस, एवढंच. पार्किंग त्या कागदावर घ्यायचं नाही, कुत्री पण नाही. एका कागदावर एकच विषय, नाहीतर कागद टेबलाटेबलावर फिरत राहतो आणि प्रत्येक टेबल म्हणतं हे आमचं नाही.

अजून एक, कुणी म्हटलं की सोलापूरला एवढ्या बस पुरेत, तर केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाची मोजपट्टी आहे ती सांगा. शहरी वाहतुकीसाठी त्यांनी सेवेचे चार स्तर ठरवलेत, हजार माणसांमागं 0.6 किंवा जास्त बस असली तर पहिला स्तर, 0.2 च्या खाली गेली तर शेवटचा. 2011 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या 9,51,558 होती, म्हणजे पहिल्या स्तराला साधारण 570 बस पाहिजेत आणि शेवटच्या स्तरातनं नुसतं वर यायलाच 190. ही लोकसंख्या पण जुनी, आता गाव वाढलंय. त्याच मोजपट्टीत थांब्यावर सरासरी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर तो सगळ्यात खालचा स्तर धरतात. दहा मिनिटं ओ! आपल्याकडं दहा मिनिटात बस आली तर माणूस पेढे वाटंल.

प्रश्न : काका, मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, आई विड्या वळते, मी नवी पेठेत साड्यांच्या दुकानात कामाला आहे. दुकान सुटतं रात्री नऊला, मग पुढं जीव मुठीत धरून सीटरिक्षा. तुमच्या त्या मीटिंगा सगळ्या शहरातल्या, आम्ही कुणाला विचारायचं? आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे मग सिटी बसमध्ये का नाही, माझं कंडक्टरशी जोरात भांडण झालं त्यावरनं.

बाळ, आधी भांडणाचं सांगतो, त्यात कंडक्टरचा दोष नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना जी पन्नास टक्के सवलत आहे ती एसटीची, म्हणजे राज्य परिवहन महामंडळाची, पैसे राज्य सरकार भरतं. सिटी बस महापालिकेची, तिला तो नियम लागू नाही. तसंच 75 वर्षांवरच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट आहे, तुझ्या आजीबिजीला तो फायदा एसटीतच मिळणार. पुढच्या वेळेस तो कंडक्टर भेटला तर गोड बोल, रात्रीच्या फेरीला किती माणसं असतात हे त्याच्याएवढं कुणालाच माहीत नसतंय.

आता खरा प्रश्न. तुझं घर महापालिकेच्या हद्दीत नाही, कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात. तुमचं घरकुल, म्हणजे गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची ती दहा हजार घरं, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन देऊन गेले, पुढं 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींनी रे नगरातल्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला, सगळं कुंभारीतच. म्हणजे बघ, एक अख्खं तालुक्याचं गाव बसेल एवढी वस्ती अक्कलकोट रोडला हद्दीबाहेर उभी राहिली, त्यातली बरीचशी माणसं रोज पोटासाठी सोलापुरात येतात, आणि त्यांचं मत सोलापूरच्या नगरसेवकाला पडत नाही. घरं देताना त्यातली माणसं कामाला कशी जाणार हा विचार आपल्याकडं नेहमी चावी दिल्यावर सुरू होतो, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून दे.

पण तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी आम्हा शहरवाल्यांकडं एवढी पक्की नाही, ती म्हणजे ग्रामसभा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणं वर्षातनं चार तरी घ्याव्याच लागतात आणि तिच्याआधी फक्त बायकांची सभा घ्यायची असते. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, दोन्हीत जे कमी असेल ते. दहा हजार घरांत शंभर बायका म्हणजे दोन गल्ल्या गं, एका हळदीकुंकवाला त्याहून जास्त जमतात! तिथं दोन ठराव करा. एक सिटी बसच्या रात्रीच्या फेरीचा, सिटी बस हद्दीबाहेर पण जाऊ शकते, त्यामुळं हद्दीबाहेर आहात असं म्हणून कुणी कटवलं तर कटायचं नाही. आणि दुसरा, जो लोक विसरतात, एसटीच्या विभाग नियंत्रकांना, की अक्कलकोट रोडनं रात्री जाणाऱ्या साध्या गाड्यांना घरकुलाजवळ विनंती थांबा द्या. गाडी जातेच आहे त्या रोडनं, नवीन गाडी मागत नाही, नुसतं थांबायला सांगतोय. आणि तो थांबा मिळाला तर तुझं अर्धं तिकीट आपोआप आलं.

आईला माझा नमस्कार सांग. हजार विड्या झाल्याशिवाय मान वर करत नसतील, माहितीय मला, माझी मावशी वळायची.

प्रश्न : केगावला विद्यापीठात शिकतो. इलेक्ट्रिक बस येणार येणार ऐकून माझी डिग्री होत आली. त्या आल्या की सगळा प्रश्न सुटंल का?

नाही सुटणार मित्रा, निम्मा सुटला तरी मी पार्क चौकात येऊन तुला भजी खाऊ घालीन. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा जाहीर केली, देशात दहा हजार बस, त्यात सोलापूरला 100 मंजूर. वर 570 चा हिशोब केलाय तो बघ म्हणजे 100 किती ते कळंल. पण पोरांनी ह्यात समजून घ्यायची गोष्ट पैशाची आहे. बस आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, त्याला पैसे मिळतात किलोमीटरमागं, तिकिटाचे पैसे महापालिकेकडं. म्हणजे गाडी रिकामी पळाली काय आणि भरून पळाली काय, ठेकेदाराचं काही जात नाही, तोटा आपल्या टॅक्सचा. म्हणून मार्ग कुठले आणि वेळा कुठल्या हे आधी ठरणं महत्त्वाचं, गाडीचा रंग आणि एसी नंतर. आपल्याकडं फोटो नव्या गाडीबरोबर काढतात, वेळापत्रकाबरोबर कुणी काढत नाही. मागं जेएनएनयूआरएम म्हणजे केंद्राच्या जुन्या शहर योजनेतनं आलेल्या गाड्यांचं काय झालं, चेसी म्हणजे गाडीचे सांगाडे क्रॅक झाले आणि कोर्टकचेऱ्या, तुझ्या वडिलांना विचार, सांगतील.

विद्यापीठाच्या तासांच्या वेळा आणि परीक्षेचं वेळापत्रक जोडून तुम्ही पोरांनीच मार्ग सुचवा. पुणे नाक्यावर हात करून ट्रकमध्ये बसू नका तेवढं.

प्रश्न : वय 71, बाळीवेशीत राहतो. थांब्यावर शेड नाही, एप्रिल-मे मध्ये उभं राहवत नाही. शेडसाठी कुणाकडं जायचं?

43-44 डिग्रीत उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. प्रवाशांसाठी शेड खासदार निधीतनं होऊ शकतं, तसा अर्ज द्या, सोबत जागेचा फोटो आणि जागा कुणाच्या मालकीची ते लिहा, तिथंच बहुतेक अर्ज अडकतात. आणि शेड मंजूर झालं तर एवढं सांगाच की पश्चिमेकडून आडोसा पाहिजे, दुपारचं ऊन तिकडनंच येतं. नाहीतर होतं काय, शेडची सावली रस्त्यावर पडते आणि त्यात गाड्या लागतात, माणसं उन्हात.

प्रश्न : सरळ माहितीचा अधिकार टाकू का? आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात टाक.

टाका, पण 'बस का येत नाही' असं विचारू नका. 2005 चा कायदा कागद देतो, कारणं देत नाही. मागायचं काय, तर अमुक मार्गाच्या मागच्या महिन्याच्या मंजूर फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्या आणि लॉगशीटच्या, म्हणजे गाडीच्या रोजच्या नोंदीच्या, प्रती. दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा, तीस दिवसात उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसात पहिलं अपील. ग्रुपवरच्या 'टाक टाक' म्हणणाऱ्यांकडनं आधी दहा रुपये घ्या, कोण देतंय बघा.

नगरसेवकाला पण सोडू नका. 2022 ला मुदत संपल्यावर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार, तेव्हा विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. आपल्या बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकाकडं गेलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो, म्हणून पत्रावर चौघांची नावं घाला. आणि क्षेत्रसभा कधी आहे ते विचारा. 2009 पासून महापालिका कायद्यात तरतूद आहे, त्या भागातल्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा फक्त.

प्रश्न : तुम्ही म्हणता बसनं जाणारे मीटिंगला येत नाहीत. आम्ही नीलम नगरात बोलावतो, व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकतो, बायका येतच नाहीत, काय करायचं?

मीटिंग कधी ठेवता? रविवारी संध्याकाळी सातला ना? आणि त्या दिवशी पाण्याचा वार असला तर? आपल्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्या दिवशी घरातली बाई मीटिंगला येईल असं वाटत असेल तर तुम्ही घरात पाणी भरत नाही हे मला न सांगता कळलं. एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात जाणारी माणसं रविवारी कपडे धुतात, झोपतात, नातेवाइकांकडं जातात. आणि ज्या बाईला बस पाहिजे तिच्याकडं बहुतेक वेळा मोबाइल पोराच्या हातात असतो, मेसेज पोरगं वाचतं आणि पुढं गेम खेळतं.

आम्ही शेवटी काय केलं सांगतो. मीटिंग थांब्यावरच ठेवली, सकाळी पावणेनऊला, मंगळवारी, पाण्याचा वार नसलेल्या दिवशी. खुर्च्या नाहीत, माइक नाही, अध्यक्ष नाही. वही फिरवली, नाव, कुठं जायचं, किती वाजता पोचायचं आणि सही, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, स्टॅम्पपॅड टपरीवाल्यानं दिलं. बारा मिनिटं चालली मीटिंग, मग एक सीटरिक्षा आली आणि सात-आठ जण तिच्यात कोंबून गेले, सह्या मात्र आम्ही आधीच घेतल्या होत्या.