कम्युनिटी कॉलेजातून हिस्ट्री करतोयस? मग हे वाच

अरे सगळ्यात आधी असिस्ट डॉट ऑर्ग उघड, कॅलिफोर्नियात आहेस ना, आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्स्फर घ्यायचीय, मग तुझ्या कॉलेजातला कुठला कोर्स कुठल्या यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) नाहीतर सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कशाच्या जागी धरतात ते तिथे सरळ दिसतं. मी नुसतं काउन्सेलरच्या भरवशावर राहिलो आणि एक आख्खं सेमिस्टर अशा कोर्सवर घालवलं जो मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, धरलाच नाही, पुढे कुठेतरी इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) पडला.

ट्रान्स्फरला लागणारे ६० सेमिस्टर युनिट्स (क्रेडिट्स) म्हणजे साधारण दोन वर्षं, त्यात अमेरिकन हिस्ट्रीचे दोन भाग आणि वर्ल्ड किंवा वेस्टर्न सिव्हचे (पाश्चात्त्य संस्कृतीचा इतिहास) दोन भाग लवकर उरकून टाक. गणित मात्र शेवटाला ठेवू नकोस, हिस्ट्रीवाले सगळे हीच चूक करतात (मीपण). सीएसयूला जायचं असेल तर हिस्ट्रीची एए-टी डिग्री बघ, म्हणजे ट्रान्स्फरसाठीच असलेली दोन वर्षांची डिग्री. यूसीसाठी टॅग (ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी) म्हणून प्रकार आहे, अटी पूर्ण केल्या की ॲडमिशनची हमी, पण बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला तो चालत नाही, आणि टॅगचा अर्ज ३० सप्टेंबरच्या आत, मेन अर्जाच्याही आधी.

आणि हो, ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटायला ठेवतात त्या वेळेत, जात जा. तिथे गर्दी नसते, प्रोफेसर निवांत बोलतात, मला तर फुटनोट कशी द्यायची हे तिथेच कळलं, तोवर मी नुसतं पाठ्यपुस्तकातलं उतरवून काढायचो. घरचे विचारतीलच हिस्ट्री करून पुढे काय, माझी आई अजून विचारते.