कच्चं काम सगळ्यांसमोर?

“ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलंय आणि मी मागे पडतेय. माझं वय झालं का?” ही काळजी घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. त्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताई पन्नाशीच्या, कामाला पक्क्या. टीमने ईमेलवर अहवाल फिरवणं थांबवून एकाच शेअर्ड फाइलमध्ये सगळ्यांनी लिहायचं ठरवलेलं. ताई मात्र रात्री घरी वेगळ्या फाइलमध्ये मजकूर पुरा करायच्या आणि सकाळी तिथे पेस्ट करायच्या. दुप्पट काम, झोपेचं खोबरं.

“नेमकं काय करताना अडतं?” मी विचारलं. त्या विचारात पडल्या. तसं काहीच अडत नव्हतं. मग म्हणाल्या, “लिहिताना वर साहेबांचं नाव दिसतं, म्हणजे तेही फाइल बघतायत, आणि हात थांबतो.” पूर्वी एकदा त्यांच्या कच्च्या आकड्यांवर साहेब सगळ्यांदेखत बोलले होते.

अशा वेळी ऑफिस आणखी एक ट्रेनिंग ठेवतं. ताईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ साली एका सल्लागार कंपनीत ‘लोटस नोट्स’ हे एकमेकांना माहिती देण्याचं सॉफ्टवेअर आल्यानंतरचा अभ्यास मांडला. तिथली बढती आपसातल्या चढाओढीवर चालायची. मग स्वतःजवळचं ज्ञान सगळ्यांपुढे कोण ठेवेल? बहुतेकांनी ते साधन स्वतःपुरतंच वापरलं. माणसं मंद नव्हती, तिथली रीतच तशी होती.

म्हणून ताईंनी साहेबांकडे भीतीची कबुली द्यायला जाऊ नये, एक ठोस मागणी घेऊन जावं, असं आम्ही ठरवलं: मजकूर पिवळ्या रंगात असेल तोवर त्यावर कुणी शेरा मारायचा नाही. वेळही बरी होती. ऑर्लिकोव्स्की यांनीच मार्सी टायर यांच्यासोबत १९९४ साली दाखवलं की, नवं साधन आल्यावर सुरुवातीच्या थोड्या काळातच गट त्यात फेरफार करतो. मग सवयी घट्ट बसतात. साहेब तापट असते, सूड धरणारे असते, तर हा सल्ला मी दिला नसता.

साहेबांनी मान्य केलं. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा कळलं, दोन तरुण सहकारीही घरूनच लिहून आणत होते! ताई आता मजकूर थेट फाइलमध्ये लिहितात. आकडे मात्र अजून आधी आपल्या वहीत जुळवतात, आणि ते सोडा असं मी त्यांना सांगितलेलं नाही.