पंधरा मात्रांचे रॉक गाणे

किशोरवयात ऐकलेली आणि आता फारशी कोणाच्या आठवणीत नसलेली अल्टरनेटिव्ह रॉक गाणी कोणती, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर एकांगी होणार हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही गाणी मी गिटार वाजवणाऱ्याच्या नव्हे, तर तबला शिकणाऱ्या मुलाच्या कानांनी ऐकली. १९९३ ते १९९८ ह्या काळात आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहत होतो. घरात नाट्यसंगीत, नवरात्रात बाहेर गरब्याची सहा मात्रांची हींच, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी तबल्याचा वर्ग. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिथे मराठी घरातल्या मुलाने तबल्यावर बसण्यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते आतेभावाच्या कॅसेटींचे. तो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग करत असे. त्याच्या मजल्यावरच्या गोव्याच्या आणि ईशान्येकडच्या मुलांच्या टेपवरून तो कोऱ्या कॅसेटी भरून घेई आणि रविवारी जेवायला आला की माझ्याकडे ठेवून जाई. वर लिहिलेली गाण्यांची नावे अर्धवट असत, बँडची नावे बहुधा चुकलेली.

साउंडगार्डन ह्या अमेरिकन बँडचा ‘सुपरअननोन’ हा १९९४चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातले ‘ब्लॅक होल सन’ सर्वांनी ऐकले. त्याच्या सावलीत ‘द डे आय ट्राइड टू लिव्ह’ मागे पडले, जे माझ्या मते त्या अल्बममधले सर्वांत चांगले गाणे आहे. त्याच्या कडव्यात चार-चार मोजत गेलो की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हुकत असे. दोन आठवडे प्रयत्न करूनही जमेना, तेव्हा वर्गात गुरुजींना गाण्याचे नाव न सांगता नुसत्या टाळ्या देऊन दाखवल्या. त्यांनी दोनदा करायला लावले, बोटांच्या पेरांवर मोजले आणि म्हणाले, “पंधरा होतायत. पंचम सवारी मी तुला अजून दिलेली नाही, कुठून उचललीस?” कडव्यात सात आणि आठ अशी जोडी चालते हे मला त्या दिवशी कळले. पंचम सवारी ह्या पंधरा मात्रांच्या तालाचे खंड तीन, चार, चार, चार असे असतात, म्हणजे पहिले दोन मिळून सात आणि उरलेले दोन मिळून आठ. ही सांगड बसताच गाणे हातात आले. अर्थात ती पंचम सवारी नव्हे, तिथे ना ठेका (तालाचे ठरलेले बोल) आहे ना खाली-भरी (बिनटाळीचे आणि टाळीचे खंड), आणि मात्राही फार जलद आहेत. ह्या बँडचा गिटारवादक किम थायिल ह्याचे आईवडील केरळचे. मात्रांचा हिशेब आम्ही गाणे तयार झाल्यावर करतो, अशा अर्थाचे त्याने सांगितलेले आहे. आमच्या वर्गात नेमके उलटे होते.

टेक्सासच्या टोडीज ह्या बँडचे ‘पॉसम किंगडम’ हे १९९४चे गाणेही असेच सम हुकवणारे आहे. त्याचे नाव तिकडच्या एका तलावाचे आहे आणि शब्द भयकथेसारखे आहेत, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. तो अल्बम अमेरिकेत उत्तम खपला होता, पण त्यांचा पुढचा अल्बम रेकॉर्ड कंपनीने स्वीकारला नाही आणि नवा अल्बम यायला २००१ साल उजाडले. गाण्यात खोट नव्हती. मध्ये सात वर्षे गेली.

मात्र एकच नाव सांगायचे झाल्यास मी मॉर्फिन हे सांगेन. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचे हे तिघे. रॉक बँड म्हणवून घेत आणि गिटार जवळजवळ वापरतच नसत. डेना कॉली बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवी, प्रसंगी दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून, जोडीला ड्रम्स, आणि गायक मार्क सँडमन दोनच तारांचा बेस वाजवी, तोही तारेवर नळी सरकवत. विचित्र वीणेच्या तारांवर बट्टा, म्हणजे गुळगुळीत गोळा, फिरवून मींड काढतात, तसाच तो स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत जातो आणि वाटेतल्या श्रुती सोडत नाही. ‘क्युअर फॉर पेन’ हे १९९३चे गाणे मी प्रथम लावले, तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली घेऊन विचारले, “त्या बँडवाल्याला ताप आलाय का रे?” पण बंद कर असे ते म्हणाले नाहीत, आणि माझ्या कॅसेटींच्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट होती. सँडमन ३ जुलै १९९९ रोजी इटलीतल्या पालेस्त्रिना येथे रंगमंचावरच कोसळला आणि गेला. बँड तिथेच थांबला. आज त्यांचे नाव काढले की लोकांना औषध आठवते.

शेवटचे ‘ब्लॅक मेटॅलिक’, इंग्लंडच्या कॅथरीन व्हील ह्या बँडचे, १९९२च्या ‘फर्मेंट’ अल्बममधले. ह्यात मोजण्यासारखे काही नाही, सरळ चार-चार, आणि त्यावर तानपुऱ्यासारखा गिटारींचा गुंजारव. गाणे सुमारे सात मिनिटांचे आहे, पण आतेभावाने ते कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटी भरले होते आणि पाचव्या मिनिटाला फीत संपून टेपचे बटण खाडकन वर येई. पूर्ण गाणे मी थेट २००४ मध्ये ऐकले. उरलेल्या दोन मिनिटांत वेगळे असे काही घडत नाही, तोच गुंजारव पुढे चालतो. तरी ती दोन मिनिटे मला अजूनही दुसऱ्याच कोणाच्या गाण्यातली वाटतात.