नवा गुण आला म्हणजे नवं जनुक आलं, असं नाही

तुमचा प्रश्न असा: माणूस, उंदीर, माशी यांची बरीचशी जनुकं सारखीच असतात, मग नवे अवयव आणि नवे गुण येतात कुठून? त्यासाठी नवं जनुक जन्माला यायलाच हवं ना?

यायलाच हवं असं नाही. जुनंच जनुक नव्या जागी किंवा वेगळ्या वेळी चालू झालं, तरी भागतं. मला हे पुस्तकात कळलं नव्हतं, एका माशीमुळे कळलं.

एमएस्सीला फळमाश्यांचं प्रॅक्टिकल असायचं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगार शिजवून बाटल्यांत भरायचं आणि त्या आंबूस वासात दुपार काढायची. एके दिवशी मॅडमनी वेगळी ठेवलेली बाटली दिली. ईथरने गुंगवलेली माशी ब्रशने सरळ केली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर डोक्यावर मिशांच्या जागी दोन पाय! सांधे असलेले, टोकाला नख्या असलेले, चांगले पायासारखे पाय. त्या दिवशी डबा काही गोड लागला नाही.

त्या माशीत पाय घडवणारं नवं जनुक आलेलं नव्हतं. अँटेनापीडिया हे जनुक एरवी तिच्या छातीच्या भागात काम करतं. इथे त्याच्या नियंत्रणात बिघाड झाला आणि ते डोक्यातही चालू झालं. त्या जनुकावरून बनणारं प्रथिन नेहमीचंच, फक्त पत्ता चुकलेला.

हा झाला बिघाड. अशी माशी बाहेरच्या जगात टिकायची नाही. पण याच वाटेने उपयोगाच्या गोष्टीही घडतात. आपल्याकडे पावसाळ्यात पीकॉक पॅन्सी नावाचं केशरी फुलपाखरू दिसतं, पंखांवर मोरपिसातल्यासारखे डोळे असलेलं. कोरड्या ऋतूतल्या पिढीची पंखांची खालची बाजू मात्र वाळक्या पानासारखी असते, मिटून बसलं की शोधत बसा. अमेरिकेत याच्याच जुनोनिया गटातलं एक भावंड आहे, त्याच्या पंखांवरही असेच डोळे. जीवशास्त्रज्ञ फ्रेड नायहाउट यांनी 1980 मध्ये ते फुलपाखरू कोषात असतानाच त्याच्या पंखावर प्रयोग केले. जिथे डोळा येणार, तिथल्या मधल्या मोजक्या पेशी नष्ट केल्या, तर डोळा उमटला नाही. त्याच पेशी उचलून पंखावर दुसरीकडे बसवल्या, तर डोळा तिथे उमटला.

मग या पेशींत असं काय चालू असतं? 1994 मध्ये जीवशास्त्रज्ञ शॉन कॅरल यांच्या गटाला तिथे डिस्टल-लेस हे जनुक काम करताना दिसलं. ही जुनीच ओळखीची असामी. फळमाशीत हे जनुक बंद पडलं तर पायाचा टोकाकडचा भाग तयारच होत नाही, म्हणून तर हे नाव; डिस्टल म्हणजे टोकाकडचं. याची नातेवाईक जनुकं तुमच्याआमच्यातही आहेत. गर्भात जबडा आणि हातपाय घडताना ती लागतात. म्हणजे फुलपाखराच्या पंखावर डोळा उमटायच्या कितीतरी आधीपासून हे जनुक प्राण्यांत होतं.

इथे मला स्वतःची चूक सांगायला हवी. मी कितीतरी वर्षं वर्गात सांगत आले की अशा वेळी जुन्या जनुकाला एक नवा स्विच मिळतो. स्विच म्हणजे जनुकाच्या आसपासचा डीएनएचा तुकडा, जनुक कुठे आणि केव्हा चालू व्हायचं ते ठरवणारा. पण सिंगापूरच्या अँटोनिया मोंतेरो यांच्या गटाने 2022 मध्ये एका आफ्रिकी फुलपाखरात डिस्टल-लेसचा असा एक तुकडा बिघडवला, तेव्हा पंखांवरच्या डोळ्यांबरोबर पाय आणि मिशांवरही परिणाम झाला. म्हणजे स्विचसुद्धा जुनाच! शिवाय पंखावर डोळा घडताना जी जनुकं चालू असतात, त्यांचा संच मिशांमधल्या संचाशी सगळ्यात जास्त जुळला. एकटं जनुक नव्हे, जमलेली अख्खी टोळीच पंखावर कामाला लागली होती. आता वर्गात हे असं सांगते.

नवी जनुकं तयार होतच नाहीत, असा मात्र अर्थ काढू नका. आपल्या डोळ्यातली लाल आणि हिरवा रंग ओळखणारी जनुकं एकाच जुन्या जनुकाच्या दोन प्रतींतून आली, आणि आजही एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून लाल-हिरव्यात घोटाळा होणाऱ्यांत पुरुष जास्त.

पण प्रतही न काढता भागतं, ते बदकात पाहा. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएच वाचलं असेल, लॅक्टेट डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. बदकाच्या डोळ्याचं भिंग ज्या प्रथिनांनी भरलेलं असतं, त्यातलं एक मुख्य प्रथिन म्हणजे हेच एन्झाइम, हे 1987 मध्ये लक्षात आलं. जे जनुक त्याच्या हृदयात एन्झाइम पुरवतं, तेच भिंगाला पारदर्शक माल पुरवतं. भिंगात त्याचं उत्पादन अफाट वाढलंय, एवढाच काय तो फरक.